साच्यांवरची घोंगडी

कॉलेजात उमादेवीला सगळे मावशी म्हणत. मावशी म्हणणं सोपं असतं. एकदा म्हटलं की पुढं नाव, गाव, जेवलात का, काही विचारावं लागत नाही. धाराशिवच्या त्या कॉलेजात तिनं एकोणतीस वर्षं काचेची भांडी विसळली, सकाळी आठला प्रयोगशाळेचं कुलूप उघडलं आणि पाचला लावलं. एवढ्या वर्षांत तिचं आडनाव ठाऊक असलेली माणसं दोनच, हजेरीपट सांभाळणारा कारकून आणि अर्पिता.

अर्पिता डॉक्टरेट करायला आली तेव्हा तिचा विषय ऐकूनच उमादेवीनं पदर नाकाला लावला होता. शेळीचं कातडं! उमादेवी लिंगायत, गळ्यात लिंग, तिच्या घरात कधी अंड्याचं टरफलसुद्धा आलं नव्हतं, आणि आता बादल्या भरभरून कातडी भिजवायची. विभागप्रमुख सिद्धाराम सर. ते तिच्याच समाजातले, त्यामुळं त्यांना अडचण न सांगता कळली. म्हणाले, "मावशी, जमत नसलं तर तुम्हाला ग्रंथालयात देतो."

उमादेवीनं एक दिवस विचार केला आणि सांगितलं, "असू द्या सर. म्या थोडीच कापलीय शेळी? मेलेल्याचं कुणाच्या जखमेला लागत असंल तर धुवायला काय जातंय?"

सरांना हे पटलं. घरी पटलं नाही. घर म्हणजे येडशीत एका अंगणात दोन चुली, एक तिची, दुसरी धाकट्या जावेची, राजेश्वरीची. कातड्याची बातमी कुणी पोचवली कोण जाणे, पण पोचली. राजेश्वरी वाईट बाई नव्हे, फक्त तिला वास फार येतात. "अक्का, राग मानू नका, पण देवाच्या भांड्याला तुम्ही हात नका लावू. वास येतोय." वास येत नव्हता. उमादेवी तिथून निघताना साबणानं कोपरापर्यंत हात धूत असे. पण त्या दिवसापासून सणाचं ताट अंगण ओलांडून, वर दुसरं ताट झाकून, तिच्या दारात यायला लागलं. बोलावणं यायचं थांबलं. नवऱ्याला जाऊन अकरा वर्षं झालेली, पोटी मूल नाही. झाकलेल्या ताटात सगळं असतं, पुरणसुद्धा, फक्त समोर कुणी नसतं.

म्हणून दुपारचा दीड महत्त्वाचा. दीड वाजता अर्पिता आपला डबा घेऊन उमादेवीच्या टेबलाशी यायची आणि पहिल्या घासाआधीच हिचा डबा उघडायची. "शेंगाचटणी? द्या इकडं. माझी ही मेसची भाजी कुत्रंसुद्धा खायचं नाही, तुम्ही खा."

"म्हंजी मी कुत्र्याच्या बी खाली व्हय गं?"

"तुम्ही मावशी आहात. मावशीनं खायचं."

तीन वर्षं हे चाललं. रोज.

आता काम काय होतं ते नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. खोल जखम झाली की नुसतं वरून कातडं ओढून भागत नाही. आतून नवं मांस धरायला पेशींना आधार लागतो, वेलाला मांडव लागतो तसा. तो मांडव अर्पिता करत होती. शेळीच्या कातड्यातून कोलॅजन नावाचं द्रव्य काढायचं, आंबट पाण्यात त्याची दाट खळ करायची, ती रुपयाएवढ्या गोल साच्यांत ओतायची आणि फ्रीजरमध्ये उणे वीसवर गोठवायची. मग एका यंत्रात ठेवून बर्फाचं पाणी न होऊ देता थेट वाफ करून काढायची. बर्फाचा कण जिथं होता तिथं भोक राहतं. उरतो पांढरा, हलका, जाळीदार स्पंज. धिरड्याला जाळी पडते ना, तसा, फक्त ही जाळी डोळ्याला दिसत नाही. भोकं बारीक पडली तर पेशी वरच बसून राहतात आणि आतला मांडव रिकामाच. भोकं मोठी आणि एकमेकांना जोडलेली असली तर त्या आत उतरतात. सगळी मेहनत त्या भोकांसाठी.

अर्पिताच्या भोकांसारखी भोकं कुणालाच जमली नव्हती. पुण्याहून मोठ्या सूक्ष्मदर्शकातले फोटो आले तेव्हा सिद्धाराम सरांनी सगळ्या विभागाला पेढे वाटले.

खळ ओतायचं काम अर्पिताचं. ती साडेचारला साचे भरून वसतिगृहात जायची. साचे फ्रीजरमध्ये ठेवायचं काम उमादेवीचं, आणि सकाळी अर्पिता दहाला यायच्या आत ते काढून यंत्राजवळ मांडायचंही तिचंच. या दोन वेळांच्या मध्ये काय होतं ते तिच्याशिवाय कुणी पाहिलं नव्हतं.

मध्ये घोंगडी होती.

उमादेवीचा नवरा रुद्रेश कुल्फी विकायचा. येडशीच्या स्टेशनवर, आणि श्रावणी सोमवारी रामलिंगच्या देवळापाशी. बार्शीहून बर्फाची लादी यायची ती तो काळ्या घोंगडीत गुंडाळून ठेवायचा. बानूबाई धनगरणीनं विणलेली घोंगडी, पाऊस आत येईना आणि गारवा बाहेर जाईना. दुपारभर लादी तशीच्या तशी. तर अर्पिताच्या पहिल्याच महिन्यात काय झालं, संध्याकाळी वीज गेली ती सकाळपर्यंत आली नाही. फ्रीजरची लाईन इन्व्हर्टरवर नव्हती. सकाळी साच्यांत अर्धा बर्फ, अर्धी खळ. अर्पिता साच्यांकडं बघत नुसती उभी राहिली. दोन आठवड्यांचं काम होतं. त्या दिवशी तिनं डबाही उघडला नाही.

उमादेवी घरी गेली. पेटीतून नवऱ्याची घोंगडी काढली, कात्रीनं मधोमध कापली आणि अर्धी पिशवीत घालून दुसऱ्या दिवशी कॉलेजात आणली. तेव्हापासून रोज पाच वाजता साच्यांचा ट्रे घोंगडीत गुंडाळून फ्रीजरमध्ये. एरवी दोन पदर, उन्हाळ्यात वीज जास्त जाते म्हणून तीन. सकाळी घोंगडी काढून झटकून परत कपाटात. वीज गेली तरी बर्फ टिकला. अर्पिता म्हणाली, "मावशी, आपला फ्रीजर सुधारला वाटतं." मावशी हसली आणि गप्प राहिली.

गप्प राहायला कारण होतं. त्याच फ्रीजरमध्ये एका शिपायानं ताकाची बाटली ठेवली होती तेव्हा सिद्धाराम सर सगळ्यांदेखत गरजले होते, "यात बाहेरची एक काडी दिसली तरी घरी बसवीन!" आणि इथं तर मेंढीच्या केसांची घोंगडी, अकरा वर्षं पेटीत पडलेली. सांगणार कोण? आणि तिच्या मते सांगण्यासारखं होतं तरी काय? बर्फ जपण्यासाठी गुंडाळलं. त्यानं भोकांचं काही होईल असं तिच्या स्वप्नातही नव्हतं. ओली खळ आधी गोठू द्यावी आणि मग गुंडाळावी, एवढा साधा हिशेब तिच्या लक्षात आला नाही. साडेपाचची बार्शीची गाडी तिच्यासाठी थांबणार नव्हती.

अर्पिता प्रबंध लिहायला पुण्याला गेली. दीड वाजता टेबलावर एकच डबा राहिला. उमादेवीच्या निवृत्तीला पाच आठवडे उरले होते तेव्हा अर्पिताचा फोन आला, आणि तोही दुपारी दीडलाच. उमादेवीला वाटलं, आठवण झाली.

"मावशी, एक विचारायचंय. नीट आठवून सांगा. साचे ठेवताना तुम्ही काही वेगळं करत होता?"

"का गं?"

"परीक्षकांनी नमुने पुन्हा करून बघायला सांगितले. इथं चार वेळा केले, मी लिहिलं तसंच. भोकं बारीक येतायत. चारही वेळा. पेशी आत जातच नाहीत." मग आवाज बदलला. "ते म्हणतात, माझे फोटो खोटे आहेत. दुसऱ्या कुणाचे लावलेत."

उमादेवीच्या हातात भाकरीचा तुकडा होता. कपाट समोरच होतं.

"न्हाय बाई," ती म्हणाली. "तू सांगितलंस तसंच. उचललं आन ठिवलं."

"नक्की?"

"नक्की."

फोन ठेवल्यावर तिनं तुकडा डब्यात टाकला आणि डबा बंद केला. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. म्हणून ते तिला नीट गिळता येईना. पाच आठवडे! एकोणतीस वर्षांच्या शेवटी सर म्हणणार, घोंगडी? फ्रीजरमध्ये? ते एक वेळ सोसता आलं असतं. खरी भीती वेगळीच होती. अर्पिताला कळलं की जिच्या डब्यातली चटणी खाल्ली तिनंच काम नासवलं, तर हा दीड वाजताचा फोनही बंद होईल. अर्पिताखेरीज तिचा नंबर फिरवणारं माणूस उरलं नव्हतं. राजेश्वरी अंगणातून हाक मारते, तिला फोन लागत नाही.

चार दिवस ती त्या कपाटाकडं न बघता कामं करत राहिली. पाचव्या दिवशी तिला स्वतःचाच कंटाळा आला.

अर्पिताचं वाळवलेलं कोलॅजन एका बाटलीत उरलं होतं. खळ कशी करायची ते उमादेवीला तोंडपाठ होतं, तीन वर्षं ढवळलं कुणी? तिनं साचे भरले, सहा आणि सहा. सहा उघडे ठेवले, सहा घोंगडीत. वीज त्या दिवशी गेली नाही, मुद्दाम गेली नाही म्हणायचं. पुढं यंत्रात दोन दिवस. मग बारा स्पंज तिनं काचेवर ओळीनं मांडले आणि प्रत्येकावर लाल शाईचा एक थेंब सोडला.

उघड्या ठेवलेल्यांवर थेंब बसून राहिला, अळूच्या पानावर पाणी बसतं तसा. हळूहळू पसरला, पण वरच्यावर. घोंगडीतल्यांनी थेंब एका दमात आत ओढून घेतला. तिनं एक स्पंज पात्यानं मधून कापला. आतपर्यंत लाल.

उमादेवी स्टुलावर बसली. मग तिला रुद्रेश आठवला, मिठाच्या बर्फात कुल्फीचा डबा गरागरा फिरवणारा. ती विचारायची, हळू फिरवलं तर काय होतंय, हात दुखतील की. तो म्हणायचा, "येडी का काय? सावकाश गोठली की खडं धरतंय. दाताखाली बर्फ आला की गिऱ्हाईक थुकतंय." कुल्फीत जे खडे नकोत तेच इथं हवे होते. घोंगडीनं गारवा आत जायला उशीर लावला, बर्फ सावकाश धरला, कण मोठे झाले, आणि ते उडून गेल्यावर भोकंही मोठी राहिली. हे तिला तीन वर्षांपूर्वी कळायला हवं होतं. कुल्फीवाल्याच्या बायकोला नाही कळणार तर कुणाला?

तिनं फोन लावला. "अर्पिता, ये. दावायचंय."

"फोनवर सांगा ना."

"न्हाय. समोर."

अर्पिता शनिवारी आली. वाळली होती, केस नीट बांधलेले नव्हते. सिद्धाराम सरही आले, उमादेवीनंच बोलावलं होतं. एकदाच काय ते होऊ दे, दोनदा सांगायची ताकद तिच्यात नव्हती. तिनं काचेवरचे स्पंज दाखवले, थेंब टाकून दाखवला, मग कपाट उघडून घोंगडी टेबलावर ठेवली.

"ही," ती म्हणाली. "रोज हिच्यात गुंडाळत होते. लाईट जाती म्हणून."

सरांनी घोंगडीला बोट लावलं, बोटाला केस लागला, तो त्यांनी उजेडात धरून बघितला. आणि हसायलाच लागले. "अहो मावशी, एवढं सांगायला काय झालं होतं?"

"तुमीच म्हणला व्हता, घरी बसवीन."

"मी? कधी?" त्यांना ताकाची बाटली आठवतही नव्हती. ओरडणाऱ्याला कुठं आठवतं?

अर्पिता हसली नाही. "मी फोनवर विचारलं होतं," ती म्हणाली. "नक्की का, असंही विचारलं होतं, मावशी."

"व्हय."

"मला तिथं काय काय ऐकावं लागलं माहीत आहे? मी रात्ररात्र माझेच फोटो तपासत होते. मला वाटायला लागलं, माझंच काहीतरी खोटं असेल. आणि तुम्हाला माहीत होतं."

"घोंगडीनं असं हुतंय हे न्हवतं माहीत. गुंडाळत हुते, येवढंच माहीत हुतं."

"तेवढंच विचारलं होतं मी!"

पोरीचं चुकलं असं म्हणायची सोय नव्हती. सर मध्ये पडले, म्हणाले, झालं ते झालं, आता मोजून घेऊ. सोमवारपासून मोजणी सुरू झाली. घोंगडीच्या आत तापमापीची तार सोडली आणि दर मिनिटाला आकडा लिहिला. उघडा साचा तासाभरात गोठत होता, घोंगडीतल्याला चौपट वेळ लागत होता. अर्पिता वहीत लिहायची आणि विचारायची, फक्त कामापुरतं.

"किती पदर?"

"दोन."

"घट्ट की सैल?"

"सैल. कोपरं खाली दुमडून."

चार दिवसांत काम झालं. चारही दिवस अर्पिता दीड वाजता सरांच्या खोलीत बसून वही उतरवत होती. उमादेवीनं डब्यात शेंगाचटणी जास्तीची आणली होती. ती चारही दिवस घरी परत नेली. जाताना अर्पितानं घोंगडी मागितली, पुण्यात परीक्षकांसमोर करून दाखवायला. उमादेवीनं घडी करून दिली. "ऊन दाखव अधनंमधनं," एवढंच म्हणाली.

पुण्यात भोकं जमली. ही बातमी तिला सिद्धाराम सरांकडून कळली. निरोपसमारंभात शाल मिळाली, नारळ मिळाला, सरांनी घोंगडीची गोष्ट रंगवून सांगितली आणि सभागृह खूप हसलं. उमादेवीही हसली. हसत्या लोकांत ती मागं दाराकडं बघत होती. दार उघडलं ते चहावाल्यासाठी.

मग येडशी. सकाळी आठला आपोआप हात किल्ल्या शोधायचा. साडेपाचची गाडी नाक्यावर थांबून पुढं जायची. तिच्यातून उतरणाऱ्यांत आता ती नव्हती, तरी ती ओट्यावरून बघायची. कातडं सुटलं होतं, तरी सणाचं ताट झाकूनच आलं. सवय लागली की कारण संपलं तरी सवय राहते. राजेश्वरीला विचारलं असतं तर तीही गोंधळली असती.

थंडीत पोस्टानं जाड पुस्तक आलं, निळ्या पुठ्ठ्याचं. अर्पिताचा प्रबंध. आत चिठ्ठी नव्हती. राजेश्वरीनं आपल्या दारातून मान काढली. "काय आलंय, अक्का?"

"पोरगी डॉक्टर झाली. तिचं पुस्तक."

"ते कातड्याचं? देवाजवळ नका ठिवू बाई तेवढं."

"देवाला काय वास येत न्हाय गं राजू," उमादेवी म्हणाली, "तुलाच येतोय." आणि दारात चटई टाकून पुस्तक घेऊन बसली. इतक्या वर्षांत जावेला तिनं एवढं तोडून उत्तर दिलं नव्हतं. मान दाराआड गेली.

इंग्रजी तिला येत नव्हतं. पण बाटल्यांवरची लेबलं लावून लावून अक्षरं ओळखीची झाली होती. आभाराचं पान तिनं बोट ठेवून वाचलं. सरांचं नाव सापडलं, आईवडिलांचं सापडलं, मैत्रिणींची सहा नावं सापडली. तिचं नाव यू अक्षरानं सुरू होणारं. ते तिनं दोनदा शोधलं. नव्हतं. ती पुढं उलटत गेली, आकडे, तक्ते, वेड्यावाकड्या रेघा, आणि एका पानावर बोट थांबलं. जी, एच, ओ, एन, जी... तिनं मोठ्यानं जोडलं. घोंगडी. तिरप्या अक्षरांत. पुढं आकडा, २.

म्हणजे घोंगडीचं नाव आलं होतं. रुद्रेशच्या, बानूबाईच्या घोंगडीचं. उमादेवीला हसू आलं, आणि ते अर्ध्यात थांबलं.

शेजारच्या पानावर फोटो होता, सगळ्यांत मोठ्या भोकांचा, मोहोळासारखा. खाली नमुन्याचा नंबर. तो नंबर तिनं स्वतः साच्यावर पेन्सिलीनं घातला होता. ती खेप वैशाखातली. त्या दिवशी दुपारपासूनच वीज येत-जात होती, आणि तिनं घोंगडी काढून पुन्हा नीट घातली होती, म्हणून ती खेप लक्षात होती. फोटोच्या खालीही तोच आकडा होता, २.

पण ते दोन नव्हते. उन्हाळ्यात तीन पदर असत. अर्पितानं विचारलं तेव्हा तिनं एरवीचं सांगितलं होतं, आणि ती आपल्याकडं बघतही नाही या दुःखात उन्हाळा राहून गेला होता. उद्या कुणी दोन पदरांत ठेवून असा फोटो काढायला बसला तर त्याला तो यायचा नाही. मग पुन्हा कुणीतरी म्हणेल, खोटा आहे.

उमादेवीनं पुस्तक मिटलं नाही, पानावर चष्म्याचं घर ठेवलं. गप्प राहिलं तर कुणाला कळणार नव्हतं. पुस्तकाला पुठ्ठा चढला होता, पदवी मिळाली होती, आणि पोरगी आणखी एकदा म्हणेल, हेही तुम्हाला माहीत होतं!

म्हणू दे.

घड्याळात सव्वा झाला होता. तिनं दीड होऊ दिला. मग पेटीवरची उरलेली अर्धी घोंगडी गुडघ्यांवर ओढली, फोन हातात घेतला आणि नंबर लावला. पलीकडं घंटा वाजायला लागली. पुरी वाजून बंद झाली. तिनं चष्मा पुसला, त्या पानावर बोट धरलं आणि पुन्हा लावला.